पेट्रोल नेमकं कुठे सोडायचं

अमेरिकेच्या विमान कायद्यात एक फार प्रेमळ कलम आहे. एखाद्याने विमानाचा निम्म्याहून जास्त भाग स्वतःच्या हाताने, केवळ स्वतःच्या शिक्षणासाठी किंवा करमणुकीसाठी बांधला असेल, तर ते उडवायला सरकार परवानगी देतं. शिक्षण किंवा करमणूक, हे शब्द खुद्द कायद्यातले आहेत. आपल्याकडे सरकारी कागदावर करमणूक आली की मागोमाग कर यायचा, तिथे परवाना येतो. एक अट मात्र असते. आत बसणाऱ्या सगळ्यांना दिसेल अशी एक पाटी लावावी लागते, की हे विमान हौशी माणसाने बांधलेलं आहे आणि नेहमीच्या विमानांचे सुरक्षा-नियम ते पाळत नाही. ही पाटी वाचूनही जो आत बसतो, तो एक तर नात्यातला असतो, नाही तर त्याच्याही गॅरेजमध्ये अर्धं विमान पडलेलं असतं.

या मंडळींची एक संघटना आहे. पॉल पोबेरेझ्नी यांनी १९५३ साली मिलवॉकीत ती काढली. १९७० पासून तिचा मेळा विस्कॉन्सिनमधल्या ऑशकॉशला भरतो, जुलै संपता संपता. हजारो विमानं गवतावर उभी, पंखांखाली तंबू ठोकलेले, तंबूंबाहेर घडीच्या खुर्च्या. इथली माणसं हवापाण्याच्या गप्पा फारशा मारत नाहीत. कुणाच्या विमानाच्या नाकाचं झाकण उघडं दिसलं की उठतात, हात पाठीमागे बांधून वाकतात, दोन मिनिटं गंभीरपणे आत बघतात आणि विचारतात, "हे इथे का बसवलं?"

इंजिन लायकॉमिंगचं असेल तर हा प्रश्न कुणी विचारत नाही. लायकॉमिंगची रचना साधारण १९५० च्या दशकातली. हवेने थंड होतं, प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग, आणि ठिणगी मॅग्नेटोची असल्यामुळे बॅटरी मेली तरी इंजिन चालू राहतं. सगळं ठरलेलं, सिद्ध झालेलं. नेमकं हेच काही लोकांना खुपतं. पंखातला एकेक रिव्हेट ज्याने स्वतः ठोकला, त्याने इंजिन मात्र खोक्यातून काढून बोल्टवर टांगायचं? शिवाय नवं लायकॉमिंग म्हणजे एका चांगल्या मोटारीची किंमत. आणि गावाबाहेरच्या भंगारवाल्याच्या अंगणात, मागून ठोकलेल्या माझदा आरएक्स-७ मध्ये, तेवढ्याच ताकदीचं इंजिन पावसात भिजत पडलेलं असतं. माणसाचा पाय घसरतो तो इथे.

ते इंजिन रोटरी, म्हणजे फेलिक्स वँकेल यांचं. त्यात पिस्टन वरखाली होत नाहीत. फुगीर बाजूंचा एक तिकोनी रोटर, कमरेत किंचित आवळलेल्या लंबगोल पोकळीत गरगरतो. गरगरता गरगरता एका अंगाला हवा ओढतो, पुढे ती दाबतो, तिसरीकडे पेटवतो आणि धूर बाहेर ढकलतो. व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही. हवा आत येण्याची वाट म्हणजे भिंतीतलं एक भोक, त्याला पोर्ट म्हणतात, आणि ते झाकायचं-उघडायचं काम रोटरच जाता जाता करतो. माझदाच्या १३बी इंजिनात मुख्य हलणारे भाग मोजून तीन, दोन रोटर आणि त्यांच्यातून जाणारा दांडा. जर्मनीच्या एनएसयू कंपनीत याचा पहिला नमुना १९५७ साली चालला. वँकेल यांची नजर फार अधू होती आणि मोटार चालवण्याचा परवाना त्यांच्याकडे कधीच नव्हता, असं म्हणतात. इंजिनाचा अनुभव त्यांनी ग्राहकांवर सोपवला.

ग्राहकांना तो आला. एनएसयूने १९६७ मध्ये आरओ ८० ही देखणी गाडी काढली, पुढच्याच वर्षी तिला युरोपातली सर्वोत्तम गाडी ठरवण्यात आलं, आणि मग रोटरच्या तीन टोकांवरच्या पट्ट्या झिजायला लागल्या. या पट्ट्यांना एपेक्स सील म्हणतात. त्या गेल्या की इंजिन गेलं. रस्त्यात दोन आरओ ८० समोरासमोर आल्या की चालक एकमेकांना बोटं दाखवायचे, कुणी दोन, कुणी तीन, आतापर्यंत किती इंजिनं बदलली त्याचा हिशोब, अशी आख्यायिका आहे. जपानमध्ये माझदालाही हाच ताप झाला. पोकळीच्या आतल्या भिंतीवर उमटणाऱ्या ओरखड्यांना तिथले इंजिनिअर सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणत. केनइची यामामोतो आणि त्यांच्या हाताखालच्या तरुण इंजिनिअरांनी ती नखं अखेर कापली, आणि १९९१ मध्ये चार रोटरच्या माझदाने ल माँची चोवीस तासांची शर्यत जिंकली.

विमानवाल्याला या इंजिनाबद्दल ममता वाटते ती निराळ्याच कारणाने. ते एकदम मरत नाही. पिस्टन इंजिनातला दांडा तुटला तर तो इंजिनाची भिंत फोडून बाहेर येतो आणि विषय संपतो. रोटरीतलं सील फुटलं तर ताकद कमी होते, आवाज बिघडतो, पण रोटर बहुधा खुरडत का होईना फिरत राहतो. घरच्या खुर्चीत बसून वाचलं तर हा फरक किरकोळ वाटेल. खाली जंगल असताना तो तसा वाटत नाही. याबदल्यात सायलेन्सरच्या आतले पडदे भिरकावून देणारा आवाज सोसायचा, पाण्याचे रेडिएटर वागवायचे आणि मिनिटाला ६००० फेरे घेणाऱ्या दांड्यापुढे गिअरबॉक्स लावून प्रोपेलर २७०० च्या आत ठेवायचा. हे सगळं तो आनंदाने मान्य करतो. अडतो तो पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरपाशी.

इंजेक्टर कुठे बसवायचा हा प्रश्न मोटारीत नसतोच, कारण तो माझदाने सोडवलेला आहे. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धातल्या आणि त्यानंतरच्या आरएक्स-७ मध्ये चार इंजेक्टर असतात. दोन इंजिनाच्या मधल्या लोखंडी प्लेटमध्येच, अगदी पोर्टाच्या तोंडाशी. दोन वर, मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे हवेच्या नळ्यांत. गाडी सावकाश चालली असेल तर खालचे दोन पुरतात, जोरात दामटली की वरचे येऊन मिळतात. पण माझदाचा तो मॅनिफोल्ड विमानाच्या नाकात मावत नाही. तो काढून टाकावा लागतो, ॲल्युमिनियमच्या नळ्या वाकवून वेल्डिंग करून नवा बनवावा लागतो, आणि नवी नळी हातात घेऊन उभं राहिलं की लक्षात येतं, आपण हिला भोक कुठेही पाडू शकतो. एवढं स्वातंत्र्य माणसाला मानवत नाही.

वरवर हा इंजिनिअरिंगचा प्रश्न आहे. प्रवाहाची गणितं निघतात, आलेख निघतात. पण या लोकांचं थोडं निरीक्षण केलं की ध्यानात येतं, तुला सगळ्यांत जास्त कशाची भीती वाटते, एवढंच तो इंजेक्टर विचारत असतो. भोक कुठे पाडलंय ते बघून माणसाची कुंडली मांडता येते.

ज्याला इंजिन सुरूच होणार नाही याची धास्ती असते, तो इंजेक्टर पोर्टाला चिकटवतो. पेट्रोल जवळून सोडलं की थेट आत जातं, नळीच्या भिंतींना लागून वाया जात नाही. थंडीत अर्ध्या फेऱ्यात इंजिन पकडतं, थ्रॉटल ढकलला की लगेच उसळतं. तुम्ही याला म्हणालात, की विमानात काय सिग्नलला थांबून पुन्हा उसळायचं असतं? एकदा वर गेल्यावर दोन तास थ्रॉटल जागचा हलत नाही, तर तो ऐकून घेतो. पण मनातून त्याला दिसत असतो तो स्वतः, रविवारी सकाळी, धावपट्टीच्या कडेला स्टार्टर मारतोय आणि लायकॉमिंगवाले बघतायत.

दुसरा इंजेक्टर जितका लांब नेता येईल तितका नेतो, नळीच्या पार तोंडापर्यंत. याला दिसते ती आखूड धावपट्टी आणि तिच्या शेवटी झाडं. याचं म्हणणं चुकीचं नाही. माठातलं पाणी झिरपून वाफ होताना उरलेल्याला गार करतं, तसंच पेट्रोलचं होतं. लांबून सोडलं की वाटेत वाफ व्हायला त्याला सवड मिळते, ते हवा गार करतं, गार हवा आकसते आणि पोकळीत जास्त मावते. जास्त हवा म्हणजे जास्त ताकद. फॉर्म्युला वनच्या गाड्यांत तर इंजेक्टर नळ्यांच्या तोंडावर, बाहेरून आत फवारणारे असत. हे उदाहरण तो दर दहा मिनिटांनी देतो. फॉर्म्युला वनचं इंजिन सुरू करायला किती माणसं लागत, हे तो सांगत नाही.

या लांबवाल्याला खोडायला हमखास एक म्हातारा वैमानिक पुढे येतो. त्याने आयुष्यभर कार्ब्युरेटरची विमानं उडवलेली असतात, आणि कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरतं हे त्याला पुरतं ठाऊक असतं. तू म्हणतोस तोच गारवा, बाळा. दमट हवा असेल तर बाहेर २० अंश असतानाही थ्रॉटलच्या पाकळीवर बर्फ साचतं, आणि पाकळीच्या अलीकडे पेट्रोल शिंपडून तू तीच सोय पुन्हा करून घेतो आहेस. कार्ब्युरेटर काढून हजार डॉलरची इलेक्ट्रॉनिक्स घातलीस ती कशाला? यावर लांबवाला इंजेक्टर पाकळीच्या पलीकडे सरकवतो. चार इंच. म्हातारा समाधानाने कॉफी आणायला जातो.

मला विचाराल तर यातली सगळ्यांत रास्त भीती आगीची. १३बी मध्ये हवा आत जाण्याची आणि धूर बाहेर पडण्याची भोकं एकाच बाजूला असतात, हवेचं वर आणि धुराचं बरोबर त्याच्या खाली. आणि रोटरीचा धूर साधा नसतो, जोरात चालताना एक्झॉस्टचा पाइप लाल होतो. म्हणजे माझदाच्या मूळ नकाशाप्रमाणे, दाबाखालच्या पेट्रोलची नळी तापून लाल झालेल्या पाइपच्या वरच्या मजल्यावर राहते. मोटारीत गळती झाली तर गाडी बाजूला घेऊन, दार उघडून पळता येतं. विमानात बाजू नसते. म्हणून पुष्कळ जण हवेच्या नळ्या इंजिनाच्या डोक्यावरून पलीकडे नेतात आणि इंजेक्टर तिकडे, थंड अंगाला बसवतात. नळी लांब होते, नाकाचं झाकण बसेनासं होतं, झाकणाला कुबड काढावं लागतं. सगळं मान्य. असा कुबडवाल्या नाकाचा नमुना दिसला की त्या माणसाबरोबर मी बिनधास्त बसेन, पाटी वाचूनसुद्धा.

उष्णतेचा आणखी एक खोडसाळपणा आहे. विमान उतरतं, इंजिन बंद होतं, आणि नाकातली हवा वाहायची थांबते. आता इंजिनातली सगळी उष्णता तिथल्या तिथे कोंडते. लोखंडी प्लेटला चिकटलेला इंजेक्टर तापतो, त्याच्या नळीतलं पेट्रोल उकळतं, आणि पंप वाफ ढकलत बसतो. मेकॅनिक याला व्हेपर लॉक म्हणतात. पंपावरचं साधं मोटारीचं पेट्रोल, त्यातही थंडीच्या दिवसांसाठी बनवलेलं, लवकर उकळतं. परिणाम असा, की इंजिन लवकर सुरू व्हावं म्हणून ज्याने इंजेक्टर जवळ घेतला, तोच कॉफी पिऊन आल्यावर स्टार्टर मारत बसतो. लायकॉमिंगवाले बघत असतात. गरम इंजिन सुरू करताना इंजेक्शनवाल्या लायकॉमिंगचेही हेच हाल होतात, पण ते सांगणं त्यांना त्या क्षणी सुचत नाही.

राहिला तो, ज्याला सगळ्याचीच भीती वाटते. तो जवळही बसवतो आणि लांबही. प्रत्येक रोटरला दोन इंजेक्टर, त्यांचे दोन संच, दोन कंट्रोलर, दोन पंप, दोन बॅटऱ्या आणि पॅनेलवर लाल टोप्या घातलेल्या स्विचांची रांग. एक संच बंद पडला तर दुसऱ्यावर घरी यायचं. एखादा इंजेक्टर उघडाच अडकून रोटरला पेट्रोलने बुडवायला लागला, तर तो संच स्विचने तोडायचा. कल्पना उत्तम आहे, आणि ठिणगी नि फवारणी दोन्ही विजेवर असलेल्या इंजिनाला ती हवीच. फक्त उड्डाण करताना इंजिन खोकलं, तर कुठला स्विच दाबायचा हे ठरवायला चार-पाच सेकंद मिळतात. म्हणून हा माणूस गॅरेजमध्ये डोळ्यांना पट्टी बांधून स्विच चाचपायचा सराव करतो, आणि शेजारी बघून न बघितल्यासारखं करतात.

इंजेक्टर नेमका कुठल्या क्षणी उघडावा, यावरही वाद घालणारे आहेत, रोटर इथे असताना की तिथे असताना. त्यांना शांत करणं सोपं आहे. मिनिटाला ६००० फेरे म्हणजे सेकंदाला १००, आणि एका फेऱ्याला एक रोटर एकदा पेटतो. म्हणजे इंजेक्टरला एका खेपेला एक शतांश सेकंद मिळतो. पूर्ण ताकदीला लागणारं पेट्रोल तेवढ्यात सोडायचं तर तो जवळजवळ उघडाच राहतो. उघड्या दाराने कुठल्या मुहूर्तावर उघडावं, यावर चर्चा करण्यात अर्थ नाही. तरी ती होते.

पेट्रोल कुठून सोडावं या बाबतीत सगळ्यांवर कडी केली ती पहिल्या महायुद्धातल्या विमानांनी. त्यांच्या इंजिनांनाही रोटरीच म्हणत, पण तो प्रकार वेगळा. तिथे दांडा विमानाला घट्ट आणि सिलिंडरांसकट अख्खं इंजिन त्याभोवती प्रोपेलरला घेऊन फिरायचं. ग्नोम मोनोसुपाप या फ्रेंच इंजिनात पेट्रोल त्या पोकळ दांड्यातून थेट इंजिनाच्या पोटात जायचं. वंगण एरंडेल, कारण ते पेट्रोलमध्ये विरघळत नाही. जळून उरलेलं एरंडेल वैमानिकाच्या तोंडावर उडायचं, काही नाकातोंडात जायचं, आणि पोटात गेलेल्या एरंडेलाने पुढे काय होतं हे मराठी घरात सांगायला नको. शत्रूच्या गोळ्यांखेरीज या कारणानेही वैमानिक घाईने उतरत. इंजेक्टर चार इंच मागे की पुढे, यावर भांडणाऱ्याने त्यांचं अधूनमधून स्मरण करावं.

सगळ्या भांडणाचं मूळच उपटायचं तर पेट्रोल नळीत न सोडता थेट पोकळीत सोडायचं. रोटरीला ते विशेष शोभतं, कारण हवा ओढण्याची जागा आणि पेटण्याची जागा निराळी असते. ओढणाऱ्या अंगाला बसवलेल्या इंजेक्टरला ज्वाळा बघावीच लागत नाही. अमेरिकेत कर्टिस-राइट कंपनीने यावर काम केलं, आणि १९८४ मध्ये तिचा रोटरी विभाग घेतला तो जॉन डिअरने, म्हणजे ट्रॅक्टरवाल्यांनी. त्यांनी जागा मात्र दुसरीच निवडली: ठिणगीशेजारी एक छोटा इंजेक्टर, जरा बाजूला एक मोठा, आणि पेट्रोलच काय, जेटचं इंधनही चालेल असा त्यांचा घाट होता. माझदाने २०२३ मध्ये एमएक्स-३० च्या नव्या ८३० सीसी रोटरीत थेट पोकळीत फवारणीच ठेवली आहे. पण तेवढ्या दाबाचे पंप घरच्या गॅरेजमध्ये बनत नाहीत, त्यामुळे हौशी माणसाचं भांडण शाबूत आहे.

आपल्याकडेही रोटरी उडालेली आहे, आणि तिचा पत्ता नगरचा आहे. निशांत या टेहळणी विमानासाठी ५५ अश्वशक्तीचं वँकेल इंजिन देशात तयार करायचं काम बंगळुरूच्या एनएएल या वैमानिकी प्रयोगशाळेबरोबर नगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, व्हीआरडीई या संरक्षण संशोधन संस्थेने केलं. एप्रिल २००९ मध्ये ते कोलारला उडालं. निशांतमध्ये वैमानिक नसतो. त्यामुळे भीती वजा जाते आणि निर्णय पटापट होत असावेत, असा माझा तर्क आहे. वैमानिकासह घरचं विमान म्हणाल तर मुंबईत कॅप्टन अमोल यादव यांनी चारकोपच्या एका गच्चीवर सहा आसनांचं बांधलं. २०१६ च्या मेक इन इंडिया प्रदर्शनात लोकांनी ते पाहिलं, आणि नोंदणी हातात पडायला २०१७ चा शेवट आला. इथल्या हौशी माणसाची पहिली भीती कागदाची असते. पेट्रोलपर्यंत पोचायला त्याला वेळ लागतो.

अमेरिकेतला आपला बांधणारा मात्र कागदापासून मोकळा आणि म्हणून इंजेक्टरपाशी अडकलेला. तो जवळ बसवतो, काढतो, लांब बसवतो, जुनं भोक वेल्डिंगने बुजवतो. नळीवर इतकी ठिगळं होतात, की तिचं वजन वाढतं. शेवटी बऱ्याच जणांचं गाडं येऊन थांबतं ते दोन खाली प्लेटमध्ये आणि दोन वर नळीत, या मांडणीवर. ही माझदाची मांडणी. ती तशीच ठेवली असती तर मधली तीन वर्षं वाचली असती, असं त्याला कुणी सुनावत नाही, कारण ऐकणाऱ्यांपैकी प्रत्येकाची स्वतःची तीन वर्षं त्यात गेलेली असतात.

मग उड्डाणाचा दिवस येतो. विमानाचं इंजिन-प्रोपेलर प्रमाणित असेल तर सरकार २५ तास चाचणीचे मागतं, नसेल तर ४०. माझदा म्हणजे ४०. तो एकटाच बसतो, विमान उठतं, झाडं सुखरूप खाली जातात. इंजेक्टर चारही झकास चालतात, इतके की त्यांची आठवणही होत नाही. आठवण होते ती तेलाच्या तापमानाची, कारण काटा लाल रेघेकडे निघालेला असतो. रोटरी थंड ठेवायला जेवढी उष्णता काढावी लागते, तिचा जवळपास एक तृतीयांश भाग तेलातून बाहेर काढावा लागतो आणि इतकी वर्षं इंजेक्टरकडे बघण्यात ऑइल कूलरकडे बघायचं राहून गेलेलं असतं. दहा मिनिटांत तो उतरतो. लोक जमतात, हात पाठीमागे बांधून वाकतात.

"कूलर इथे का बसवलास?"

आता एक म्हणतो नाकाच्या खाली, दुसरा म्हणतो गालात, तिसरा पंखाच्या मुळाशी. चौथा जाणता असतो. तो सांगतो, कूलर राहू दे, आधी तुझा पाण्याचा रेडिएटर बदल. जुन्या जनरल मोटर्सच्या गाड्यांत एसीचं जे इव्हॅपोरेटर असतं, त्याचा गाभा रेडिएटर म्हणून सुरेख चालतो, अनेकांनी उडवलाय, भंगारात चार पैशांत मिळतो. हे खरं आहे. पण भंगारवाला गावाबाहेर, त्यातून रविवार. शेजाऱ्याच्या अंगणात मात्र एक जुनी शेव्हरलेट वर्षभर ताडपत्रीखाली उभी असते, आणि तिचा एसी तसाही कुणी लावत नाही.